आधी उन्हाळा द्या, मग हिशेब मागा!

"मास्तरांचे काय बुवा! उन्हाळ्यात दीड महिना, दिवाळीत पंधरा-वीस दिवस. बसून पगार!"

हे वाक्य मी गेली वीस वर्षे ऐकत आलो आहे. न्हाव्याच्या दुकानात ऐकले, एस.टी.च्या रांगेत ऐकले, लग्नाच्या पंगतीत तर हमखास ऐकले. फराळाची बशी शेजारी ठेवून हा अंक चाळणाऱ्या वाचकांपैकीही कित्येकांनी ते कधी ना कधी उच्चारले असेल. त्यांच्यावर माझा राग नाही. असे बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माझ्यासारखा शाळामास्तर असतो, आणि माझ्यापुरते ते वाक्य निम्मे खरे आहे. मला उन्हाळ्याचा पगार मिळतो. माझ्या कादंबऱ्या मी त्या पगारी दुपारींतच लिहिल्या. दारे लोटून, पंखा लावून, डोक्यावर उद्याच्या तासाचे ओझे नसताना. ही गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे जे म्हणायचे आहे ते मोकळेपणाने म्हणता येईल.

यंदाच्या मे महिन्यात हेच वाक्य एका गृहस्थांनी माझ्या शेजाऱ्यांना उद्देशून टाकले. शेजारी काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते हसणे माझ्या मनातून जाईना, म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझे शेजारी संगणकशास्त्र शिकवतात. वय तिशीच्या थोडे पुढे, पदव्युत्तर पदवी घेतलेली, सेटची परीक्षा उत्तीर्ण. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात ते सहा वर्षे शिकवीत आहेत. विद्यार्थी त्यांना प्राध्यापक म्हणतात, सासुरवाडीची मंडळीही प्राध्यापक म्हणतात. महाविद्यालयाच्या दप्तरात मात्र त्यांची नोंद 'तासिका तत्त्वावर' अशी आहे. ज्यांच्या घरात असा कोणी नसेल त्यांच्यासाठी या शब्दाचा अर्थ सांगतो. जितके तास शिकवाल, तितक्या तासांचे पैसे. सुट्टी पडली, तास बुडाला, पैसे नाहीत. परीक्षा सुरू झाल्या, तास संपले, पैसे नाहीत. उन्हाळा लागला की नेमणूकच संपते. आणि नवे वर्ष उघडले की पुन्हा नवा अर्ज, पुन्हा नवी मुलाखत. सहा वर्षे तोच विषय शिकवणाऱ्या माणसाला दरसाल विचारायचे, "आपण हा विषय शिकवू शकाल काय?"

म्हणजे ज्या माणसाला 'बसून पगार' म्हणून टोमणा मारला गेला, त्याला त्या दीड महिन्यात छदामही मिळत नव्हता. तो हसला नसता तर काय केले असते?

परंतु पगार मिळत नाही म्हणून तो बसून होता असेही नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच ते हातात एक फुलस्केप कागद घेऊन माझ्याकडे आले होते. "सर, तुमच्याकडे जरा मराठीचे काम आहे," असे म्हणून त्यांनी कागद पुढे केला. वर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'उन्हाळ्याची योजना'. खाली दोन भाग होते. एक शिकवण्याचा, दुसरा प्रकल्पाचा.

शिकवण्याचा भाग साधा होता. पहिल्या वर्षाच्या बारा मुलामुलींचा वर्ग, सकाळी सात ते नऊ, तीन आठवडे, फी नाही. ही बारा मुले कशी निवडली? ज्यांच्या घरी संगणक नाही ती. वर्षभर प्रात्यक्षिकाच्या तासाला एका यंत्रापुढे चौघे बसतात. त्यांतला एक बोटे चालवतो आणि तिघे पाहतात. ज्याच्या घरी यंत्र आहे तोच पुढे सरसावतो, आणि ज्याच्या घरी नाही तो तीन वर्षे पाहतच राहतो. "या पाहणाऱ्यांची बोटे एकदा तरी तीन आठवडे कळफलकावर राहिली पाहिजेत," असे शेजारी म्हणाले.

प्रकल्पाचा भाग ऐकून मात्र मी सरसावून बसलो. आमच्या गावात जुने सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकांच्या नोंदवह्या हातांनी लिहिलेल्या, काहींची पाने हात लावताच तुटतात. त्या वह्या संगणकावर चढवायच्या आणि कोणालाही हवे ते पुस्तक क्षणात सापडावे असे करायचे, ही ती योजना. यात मराठीचे काम कुठले? तेच तर गमतीचे आहे. जुन्या वहीत 'नांव' लिहिले आहे, 'कांहीं' लिहिले आहे. कारण ते अनुस्वार शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनी गेले आणि वही त्यापूर्वीची. आजचा मुलगा 'नाव' असे लिहून शोधणार. आपल्याला दोन्ही एकच. यंत्राला ते दोन निराळे शब्द. वेलांटी पहिली की दुसरी, उकार ऱ्हस्व की दीर्घ, यावरून पुस्तक असून नसल्यासारखे होणार. 'क्ष' हे अक्षर आपण वर्णमालेत शेवटी 'ज्ञ'च्या शेजारी बसवतो. यंत्राच्या पोटात ते क, हलन्त आणि ष अशा तीन तुकड्यांनी साठवलेले असते, म्हणून काही सांगितले नाही तर यंत्र त्याला क-च्या घरात नेऊन बसवते. "सर, जुन्या लेखनातून नव्या लेखनात जाण्याचे नियम तुम्ही सांगा, मुले ते यंत्राला शिकवतील." सगळी हयात शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात गेली; या विद्येचा असा उपयोग असेल हे मला कोणी सांगितले नव्हते.

संगणकाचे शास्त्र मला कळत नाही. पण त्या कागदाने माझे कुतूहल जागे झाले, आणि एखाद्या मास्तराने उन्हाळ्यासाठी असा कागद करावा ही काय रीत आहे, हे मी शोधू लागलो. जे सापडले त्याने मी थक्क झालो. वाचकहो, हे सारे शास्त्रच मास्तरांच्या उन्हाळ्यात वाढलेले आहे!

आज घराघरांत 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द आहे. शाळकरी पोर मोबाईलला निबंध लिहायला सांगते, आजोबा त्यालाच गुडघेदुखीचा उपाय विचारतात. हा शब्द ज्या इंग्रजी नावाचा अनुवाद आहे, ते नाव पहिल्यांदा कोठे लिहिले गेले? एका मास्तराने उन्हाळ्याच्या खर्चासाठी केलेल्या अर्जात! अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन मॅकार्थी नावाचा गणिताचा एक तरुण साहाय्यक प्राध्यापक होता. त्याने मार्विन मिन्स्की, नॅथॅनिएल रोचेस्टर आणि क्लॉड शॅनन या तिघांना बरोबर घेऊन ऑगस्ट १९५५ अखेर एक योजना लिहिली. १९५६ च्या उन्हाळ्यात दहा माणसांनी दोन महिने एकत्र बसायचे आणि यंत्राला भाषा वापरता येईल काय, स्वतःला सुधारता येईल काय, याचा विचार करायचा. निवडक माणसे एक उन्हाळाभर मिळून बसली तर यांपैकी एकदोन प्रश्नांत तरी मोठी मजल मारता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

आता त्या अर्जातील पैशांकडे पाहा. एकंदर मागणी होती १३,५०० डॉलरांची. ज्या शिक्षकाला त्याची स्वतःची संस्था त्या काळाचा पगार देणार नसेल, त्याच्यासाठी १,२०० डॉलर. बरोबर काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, तेही दोघांपर्यंत, प्रत्येकी ७०० डॉलर. शिवाय रेल्वेचे भाडे, राहण्याचे भाडे, टंकलेखन. रॉकफेलर प्रतिष्ठानने हात आखडता घेऊन ७,५०० डॉलर दिले; पण दिले! मास्तर उन्हाळ्यातही जेवतो, विद्यार्थीही जेवतो, हे त्या अर्जात लाजता गृहीत धरलेले नाही, उघड आकड्यांत मांडलेले आहे. यंत्राला बुद्धी देण्याची भाषा करणाऱ्या त्या अर्जात मला सर्वांत मोठी बुद्धी या आकड्यांतच दिसली.

आणि त्या उन्हाळ्यात झाले काय? खरे सांगायचे तर ठरवले होते तसे फारसे काही झाले नाही. दहाही जण दोन महिने एकत्र बसले नाहीत. कोणी आठवडाभर आला, कोणी दोन दिवस डोकावून गेला, जो तो आपापल्या कल्पनेत दंग. एखाद्या हिशेबतपासनिसाने ऑगस्टमध्ये येऊन "मोठी मजल कुठे आहे?" असे विचारले असते, तर मॅकार्थीला दाखवायला काही नव्हते. पण त्याच उन्हाळ्यात त्याच्या मनात या कामासाठी नवी संगणकभाषा हवी अशी इच्छा उपजली. दोन वर्षांनी, १९५८ च्या उन्हाळ्यात, रोचेस्टरच्या आमंत्रणावरून तो आय.बी.एम.मध्ये जाऊन बसला. तिथल्या एका उदाहरणावर झगडताना त्या भाषेच्या मुळाशी असलेल्या कल्पना स्पष्ट झाल्या, आणि त्यांतून 'लिस्प' ही भाषा उभी राहिली. पुढची कित्येक दशके या शास्त्राचे काम त्या भाषेत चालले. एका उन्हाळ्यात बी पडले, दुसऱ्या उन्हाळ्यात कोंब आला. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. संस्थाचालकांना मात्र समजत नाही.

याच्याही मागे जा. १९४६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक उन्हाळी वर्ग भरला. विषय होता इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रे कशी रचावी हा. विद्यार्थी अवघे अठ्ठावीस. इंग्लंडच्या केंब्रिजहून मॉरिस विल्क्स नावाचे गृहस्थ बोटीने निघाले, पण महायुद्धानंतरच्या त्या दिवसांत जागा मिळेना. ते पोहोचले तेव्हा वर्ग संपत आला होता. शेवटचे थोडे दिवस पदरात पडले. तेवढ्यावर परतीच्या बोटीतच त्यांनी आपल्या यंत्राचा आराखडा मांडायला घेतला, आणि ६ मे १९४९ रोजी 'एडसॅक' हे त्यांचे यंत्र चालू लागले. पुढे विल्क्स यांनी केंब्रिजमध्ये स्वतःच लोकांसाठी असे सुट्टीतले वर्ग सुरू केले. १९५१ मध्ये हॉलंडमधील एका रसायनशास्त्राच्या शिक्षकाने अशा तीन आठवड्यांच्या वर्गाची जाहिरात पाहिली आणि आपल्या एकवीस वर्षांच्या मुलाला तिकडे धाडले. मुलाचे नाव एड्स्गर डाइक्स्ट्रा. पाच वर्षांनी हाच मुलगा ॲम्स्टरडॅममध्ये आपल्या वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमला, कॉफी प्यायला बसला, आणि कागद-पेन्सिलीशिवाय वीस मिनिटांत एक युक्ती त्याने शोधली. एका गावाहून दुसऱ्या गावी सर्वांत जवळची वाट कोणती, हे काढण्याची ती युक्ती. आज वाट दाखवणारे नकाशे बनवण्याच्या विद्येत तो पायाचा धडा आहे. म्हणजे पाहा, एक उन्हाळी वर्ग, त्यातून दुसरा वर्ग, एका शाळामास्तराचे जाहिरातीकडे गेलेले लक्ष, आणि तीन आठवडे. एवढ्यावर हे सारे उभे आहे.

"पण उन्हाळ्याच्या योजना फसतातही!" असे कोणी म्हणेल. फसतात तर! सर्वांत नामांकित फसगतीची गोष्ट मीच सांगतो. ७ जुलै १९६६ रोजी अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत सेमूर पॅपर्ट यांनी उन्हाळी कामकऱ्यांसाठी एक टिपण काढले. त्या मुलांनी त्या उन्हाळ्यात यंत्राला डोळे द्यायचे होते! जुलैत चेंडू, विटा आणि नळकांडी ओळखायची. ऑगस्टमध्ये सिगारेटचे पाकीट, बॅटरी, हत्यारे आणि पेले. कामाची जुळवाजुळव करायला नेमला जेराल्ड सस्मन नावाचा एक विद्यार्थी, ज्याची पहिली पदवीही अजून व्हायची होती. उन्हाळा संपला, यंत्राला डोळे आले नाहीत. १९६६ च्या ऑगस्टमध्ये साधायचे होते ते पुरते साधायला दशके लागली. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील एक प्राध्यापक आणि त्यांचे दोन विद्यार्थी यांनी हजारभर प्रकारच्या चित्रांची ओळख यंत्राला पटवण्याच्या स्पर्धेत सर्वांना मागे टाकले, तेव्हा कुठे जगाला वाटले की हे यंत्र आता पाहू लागले.

या टिपणाला संगणकवाले आजही हसतात. मी मात्र ते चांगल्या मास्तराचे टिपण मानतो. काम असे निवडले की त्याचे तुकडे पडावेत. तुकडे असे पाडले की प्रत्येक पोराला स्वतःचे म्हणून काही असावे आणि तरीही सर्वांचे काम एकच असावे. महिन्याचा पल्ला ठरवला. चेंडूपासून पेल्यापर्यंत पायऱ्या लावल्या. चुकले ते अंतर मोजण्यात, वाट धरण्यात नव्हे. आणि जो विद्यार्थी त्या 'फसलेल्या' उन्हाळ्यात राबला, तो सस्मन पुढे त्याच संस्थेत प्राध्यापक झाला आणि प्रोग्रॅम रचण्याच्या शास्त्रावरचे जगभर शिकवले गेलेले एक पाठ्यपुस्तक त्याने सहकाऱ्यांबरोबर लिहिले. उन्हाळ्याने यंत्राला डोळे दिले नाहीत, माणसाला दिले. हा सौदा तोट्याचा म्हणायचा काय?

आपल्याकडे ही रीत कधी नव्हतीच असेही नाही. कानपूरच्या आय.आय.टी.त १९६३ च्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम. १६२० हे यंत्र आले; तेथे व्ही. राजारामन आणि त्यांचे सहकारी बाहेरच्या संस्थांतील लोकांना बोलावून दहा-दहा दिवसांचे वर्ग घेत. शेजारच्या गणितशास्त्रात मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी चार आठवड्यांचा उन्हाळी उपक्रम सुरू केला आणि त्यातून पिढ्या घडवल्या. बीज आपल्याही मातीत आहे. प्रश्न पाणी घालण्याचा आहे.

आता माझ्या शेजाऱ्यांच्या कागदाकडे परत येऊ.

पहिला खोडा प्रयोगशाळेच्या किल्लीचा. महाविद्यालयात चाळीस यंत्रे आहेत. उन्हाळाभर ती कापडी बुरख्याखाली झाकून ठेवतात. शेजारी किल्ली मागायला गेले तेव्हा उत्तर मिळाले, "तुमची नेमणूक एप्रिलअखेर संपते. जो माणूस नोकरीतच नाही त्याच्या हाती लाखोंची यंत्रे कशी द्यायची? आणि विजेच्या बिलाचे काय?" उत्तर नियमाला धरून होते, त्यातच त्याचे दुष्टपण आहे. आधी नियमाने माणसाला नोकरीबाहेर काढायचे, मग नियमानेच सांगायचे की तो बाहेरचा आहे! तेव्हा वर्ग भरला वाचनालयाच्या वृत्तपत्रांच्या खोलीत. शेजाऱ्यांचा एक लॅपटॉप, एका ओळखीच्यांनी दिलेला एक जुना. बारा मुले आणि दोन यंत्रे. ज्या दुखण्यावर औषध करायचे तेच दुखणे दीडपट होऊन समोर बसले. तरीही त्यांनी घड्याळ लावून पाळ्या केल्या. प्रत्येकाला वीस मिनिटे, मध्ये कोणी बोट घालायचे नाही.

दुसरा खोडा पोटाचा. घरभाडे सुट्टीवर जात नाही, दूधवालाही जात नाही. मुलीच्या शाळेची फी जूनच्या आधी भरायची होती. दहाव्या दिवशी जिल्ह्याच्या गावातल्या एका खासगी क्लासने त्यांना बोलावले. प्रवेशपरीक्षेचे तास, रोजचे पैसे रोज. ते गेले. जाताना मला म्हणाले, "सर, मुलांना सांगा, मी येत्या रविवारी येतो." मी मुलांना सांगितले. पहिल्या रविवारी बारापैकी सात आली, दुसऱ्या रविवारी तीन. वर्ग संपला. नोंदवहीची पहिली चाळीस पाने यंत्रावर चढली होती, तेथेच काम थांबले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू ऐका. महाविद्यालयाच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सची दुकाने आहेत. त्यांतल्या एकावर पाटी आहे, 'अंतिम वर्षाचे प्रकल्प तयार मिळतील.' पैसे मोजा; प्रोग्रॅम मिळतो, अहवाल मिळतो, काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत तुमचे नाव छापून मिळते. सर्वांत खपाचा प्रकल्प कोणता, म्हणून मी त्या दुकानदाराला सहज विचारले. तो म्हणाला, "लायब्ररी मॅनेजमेंट. दरवर्षी पाच-दहा तरी जातात." मी थक्क होऊन त्याच्याकडे पाहतच राहिलो. एका गल्लीत वाचनालयाच्या व्यवस्थेचा प्रकल्प दरवर्षी पाच-दहा वेळा 'पूर्ण' होतो, गुण मिळवतो, कपाटात जातो. आणि दोन गल्ल्या पलीकडे खऱ्या वाचनालयात खरे पुस्तक शोधायला ग्रंथपाल शिडीवर चढतो! तयार प्रकल्पातल्या वाचनालयात 'नांव' आणि 'नाव' यांचे भांडण नाही, कारण त्यात पुस्तकेच नाहीत. आणि आता तर त्या दुकानाचेही दिवस भरले आहेत. तोच प्रकल्प कृत्रिम बुद्धीचे यंत्र घरबसल्या लिहून देते. एका मास्तराच्या उन्हाळी अर्जातून ज्याचे नाव जन्मले, त्या शास्त्राच्या शेंड्याला लागलेले फळ आपण विद्यार्थ्याला न शिकण्यासाठी वापरू देतो, आणि त्याला शिकवू पाहणाऱ्या मास्तराला उन्हाळ्यात हाकलून देतो. यापेक्षा मोठा विनोद मला तरी माझ्या कादंबऱ्यांत सुचला नाही.

माझा आरोप स्पष्ट आहे. विद्यार्थी आळशी झाले म्हणून प्रकल्प विकत घेतले जात नाहीत. ज्याच्याबरोबर बसून प्रकल्प करायचा तो माणूस आपण विद्यार्थ्यापासून तोडला, म्हणून ते विकत घेतले जातात. वर्षाच्या मध्यावर प्रकल्प होत नसतो. तेव्हा तास असतात, चाचण्या असतात, हजेरी असते. चुकायला, खोडायला, पुन्हा मांडायला सलग दिवस लागतात. ते सलग दिवस आपल्या शिक्षणात उन्हाळ्यातच मिळतात. तेवढेच आपण बेवारस टाकले आहेत.

यावर आक्षेप येणार, ते मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप, "पैसा कुठून आणायचा?" मी विचारतो, चाळीस यंत्रे घ्यायला पैसा कुठून आला? यंत्र दोन महिने बुरख्याखाली पडून राहिले तरी जुने होतच असते. त्याच्यासमोर माणूस बसवण्यापुरतेच पैसे नेमके कसे संपतात? २००५ पासून गूगलसारखी नफा पाहणारी कंपनीसुद्धा जगभरच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात प्रोग्रॅम लिहिण्यासाठी पैसे देत आली आहे, आणि तेही सर्वांना फुकट वापरता येणारे प्रोग्रॅम. व्यापाऱ्याला जे परवडते ते विद्यामंदिराला परवडत नाही काय?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. "पगार दिला म्हणून मास्तर काम करतीलच कशावरून? कायम नोकरीतले करतात काय?" हा घाव आमच्या वर्मी लागतो, आणि तो मी चुकवणार नाही. उन्हाळ्याचा पूर्ण पगार घेऊन जूनमध्ये मागच्या वर्षीच्याच पिवळ्या टाचणवह्या उघडणारे मास्तर मी पाहिले आहेत. एखाद्या वर्षी मीही त्यांतलाच होतो. परंतु त्यावरचा उपाय पगार काढून घेणे हा नाही. उपाय तोच, जो मॅकार्थीने केला, पॅपर्टने केला आणि माझ्या शेजाऱ्यांनी फुलस्केप कागदावर केला. योजना लिहा! उन्हाळ्यात काय शिकवणार, कोणाला, आणि काय करून पाहणार, एवढे एका पानावर लिहून वर्गाच्या दारावर लावा. दिवाळीच्या आधी त्याच दारावर दुसरे पान लावा. काय झाले, काय राहिले, का राहिले. 'राहिले' हा शब्द लिहिण्याची लाज वाटू नये. लाज वाटावी ती पानच कोरे असण्याची.

तिसरा आक्षेप नेहमीचाच. "ते तिकडचे विद्वान, आपला तालुक्याचा मास्तर काय शोध लावणार?" अहो, शोध लावा असे म्हणतो कोण? विल्क्स वर्गाला उशिरा पोहोचले होते. डाइक्स्ट्रा तीन आठवड्यांचा शिकाऊ होता. सस्मन पदवीपूर्व पोर होता. त्या क्षणी त्यांच्यापैकी कोणाच्या कपाळावर काही लिहिलेले नव्हते. आमच्या वाचनालयातील त्या दोन यंत्रांपुढे वीस-वीस मिनिटे बसणाऱ्या बारा जणांच्या कपाळांवरही लिहिलेले नाही. म्हणूनच त्या सर्वांना बसू द्यायचे असते.

त्या बारांतली एक मुलगी अजून येते. तिच्या घरी संगणक नाही. शेजारी परत आल्यापासून ती रविवारी सकाळी त्यांचा लॅपटॉप मागून घेते आणि वाचनालयात बसून वही चढवते. परवा तिने मला एक गोष्ट दाखवली. एकच पुस्तक वहीत तीन ठिकाणी, तीन तऱ्हांच्या लेखनाने नोंदले होते. ग्रंथपालांना ते तीन निराळे ग्रंथ वाटत होते. तिने लिहिलेल्या चार ओळींच्या नियमाने ती तिन्ही नोंदी शेजारी आणून बसवल्या. "सर, याला मी वेलांटीचे भांडण नाव दिले आहे," ती म्हणाली. काळ्या पुठ्ठ्याच्या कोणत्याही अहवालात हे भांडण सापडायचे नाही.

तेव्हा संस्थाचालकांना, विद्यापीठांना आणि सरकारला माझे सांगणे एवढेच. शिकवणाऱ्याची नेमणूक बारा महिन्यांची करा. उन्हाळ्यात प्रयोगशाळेची किल्ली त्याच्या हाती द्या. त्याच्याबरोबर राबणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला जेवणाएवढे तरी पैसे द्या. मग त्याच्याकडून हिशेब घ्या, अगदी पै-पैचा घ्या. आधी उन्हाळा द्या, मग हिशेब मागा. उन्हाळा काढून घेऊन हिशेब मागणे ही लबाडी आहे, आणि उन्हाळा काढून घेऊन वर 'बसून पगार' म्हणणे हा निर्लज्जपणा आहे.

आणि घरोघरच्या वाचकांना एक विनंती. या दिवाळीत फराळाला कोणी मास्तर तुमच्या घरी येईल. त्याला सुट्टी किती दिवसांची, असे विचारू नका. पुढच्या उन्हाळ्यात काय करणार आहात, असे विचारा. उत्तर नसेल तर तो ओशाळेल, आणि ओशाळलेले बरेच. उत्तर असेल, तर त्याला आणखी एक प्रश्न विचारा. "त्या दिवसांचे पैसे तुम्हाला मिळतात का?" तो नुसता हसला, तर काय समजायचे ते आता तुम्हाला सांगायला नको.